तळेगावचे दाभाडे आणि इंदुरीची गढी

तळेगाव दाभाडेहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी इंदुरीची गढी उभी आहे. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांनी ती १७२० च्या सुमारास बांधली. दरवाजाचे काम खाली घडीव दगडात आणि वर विटांत आहे. दरवाजावर गणपती आणि शरभाची शिल्पे असून माथ्यावर नगारखान्याची जागा आहे. दोन्ही बाजूंच्या बुरुजांत जंग्या ठेवलेल्या दिसतात. आतले वाडे गेले. राहिले ते कडजाई देवीचे मंदिर आणि मोकळे आवार. मागच्या अंगाला नदी आहे आणि जवळच तुकोबांच्या नावाशी जोडलेला भंडारा डोंगर.

मावळ म्हटले की डोंगरी किल्ले डोळ्यांसमोर येतात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे सगळे बोरघाटाच्या आणि पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यांवर नजर ठेवून बसलेले आहेत. इंदुरी त्यांच्या पंगतीतली नाही. हा सपाटीवरचा भुईकोट आहे. शत्रूचा वेढा महिनोन्‌महिने झुंजवत ठेवायचा, हा त्याच्या बांधणीमागचा हेतू दिसत नाही. धान्य, दप्तर, पागा आणि घरचा कबिला सुरक्षित राहावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. दाभाड्यांचे बळ या तटात नव्हतेच. ते दीडशे कोसांवरच्या गुजरातच्या वसुलीत होते. घराणे वर चढले ते त्या वसुलीमुळे आणि खाली आले तेही तिच्याचमुळे.

घराण्याचे मूळ मात्र याच मातीतले. तळेगाव इंद्रायणी आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर वसले आहे. त्याच्या नैर्ऋत्येला, पवनेच्या बाजूला उर्से. आज द्रुतगती मार्गावरचा टोलनाका म्हणून हे नाव सर्वांना ठाऊक असते, पण कोकणातून बोरघाट चढून देशावर येणारा माल शतकानुशतके याच पट्ट्यातून पुढे जात आला. कार्ले, भाजे आणि बेडशाची लेणी याच वाटांच्या आधाराने कोरली गेली. अशा वाटेवरच्या गावची पाटीलकी ही नुसती मानाची गोष्ट नव्हती. गावचा वसूल, जकातीवर लक्ष आणि प्रसंगी चार हत्यारबंद माणसे उभी करण्याची ताकद, हे सगळे पाटलाच्या हाती असे. तळेगावच्या दाभाड्यांकडे ही पाटीलकी होती. घराण्यातले येसाजी दाभाडे शिवाजी महाराजांच्या पदरी होते.

घराण्याचे नशीब उघडले ते राज्यावरच्या सर्वांत वाईट काळात. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराजांना वेषांतर करून पन्हाळ्याहून दूर दक्षिणेत जिंजीला जावे लागले. त्या जोखमीच्या प्रवासात येसाजींचे चिरंजीव खंडेराव त्यांच्याबरोबर होते. पुढची अनेक वर्षे मराठ्यांची लढाई एका राजधानीवरून चालली नाही. सरदारांनी आपापल्या तुकड्या उभ्या करायच्या, मोगली मुलखात शिरायचे आणि तिथल्याच वसुलीवर फौज पोसायची, अशी ती रीत होती. या रीतीत ज्यांनी हात धुऊन घेतले त्यांत खंडेराव पुढे होते. बागलाण, खानदेश आणि गुजरात हा त्यांच्या स्वाऱ्यांचा मुलूख ठरला.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले. गादीवर हक्क कोणाचा, राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई यांच्या मुलाचा की संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांचा, या प्रश्नावर सरदारांत फूट पडली. खंडेराव शाहूंच्या बाजूला गेले. मधल्या काळात सेनापतिपद जाधवांच्या घरात होते. धनाजी जाधव १७०८ मध्ये वारले आणि त्यांचा मुलगा चंद्रसेन पुढे शाहूंना सोडून गेला. पुढे पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांशी त्याचे पटले नाही, हे त्यामागचे कारण. सेनापती आणि पेशवा यांच्यातली ही तेढ जाधवांबरोबर संपली नाही. पद दाभाड्यांकडे आले तेव्हा तीही त्यांच्याकडे आली.

खंडेरावांची खानदेशातली पद्धत अगदी हिशेबी होती. सुरत आणि बुऱ्हाणपूर ही पश्चिमेकडची दोन मोठी व्यापारी ठाणी. त्यांच्यामधल्या वाटेवर त्यांनी आपली ठाणी बसवली. येणाऱ्याजाणाऱ्या तांड्याने मालाच्या किमतीची चौथाई भरायची आणि पुढे सुखरूप जायचे. न भरल्यास तांडा लुटला जाई. दख्खनचा मोगल सुभेदार सय्यद हुसेन अली याने हा बंदोबस्त मोडायला जुल्फिकार बेग नावाचा सरदार पाठवला. खंडेरावांनी त्याला अडचणीच्या मुलखात ओढून घेतले. बेग मारला गेला आणि वाट पुन्हा दाभाड्यांच्या हाती आली. यानंतर, ११ जानेवारी १७१७ रोजी, शाहूंनी खंडेरावांना सेनापतिपदाची वस्त्रे दिली.

पुढच्याच वर्षी हुसेन अलीला दिल्लीच्या राजकारणात मराठ्यांची गरज पडली आणि बाळाजी विश्वनाथांशी त्याचा करार झाला. मराठ्यांची फौज १७१८ च्या अखेरीस त्याच्याबरोबर दिल्लीकडे निघाली. सेनापती या नात्याने खंडेराव तीत होते. दिल्लीत फर्रुखसियर बादशहा पदच्युत झाला. १७१९ मध्ये मराठे दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले आणि मोगलांच्या कैदेतून शाहूंच्या मातोश्री येसूबाईंची सुटका झाली. मात्र त्या सनदांत गुजरात नव्हता. तिथला हक्क तलवारीच्या जोरावरच मिळवायचा होता आणि ते काम दाभाड्यांनी आपलेच मानले. १७२० मध्ये बाळापूरला निजामाशी लढाई झाली. तीत खंडेरावांचे हाताखालचे सरदार दमाजी गायकवाड यांनी मोठा पराक्रम केला. शाहूंनी त्यांना समशेर बहादूर हा किताब दिला. थोड्याच दिवसांत दमाजी वारले आणि त्यांची जागा पुतण्या पिलाजीने घेतली. पिलाजीने गुजरातच्या सीमेवर सोनगडला तळ ठोकला. गायकवाड मूळचे खेडजवळच्या दावडीचे, म्हणजे इंदुरीहून फार लांबचे नव्हेत.

खंडेरावांचा हा वैभवाचा काळ. इंदुरीची गढी त्याच दिवसांत उभी राहिली. बागलाणातल्या अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक उमाबाई ही त्यांची पत्नी. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या बांधण्याचे श्रेय तिला दिले जाते.

दाभाड्यांकडे जे होते त्याचे दोन भाग नीट वेगळे करून पाहिले पाहिजेत. तळेगावची पाटीलकी हे वतन. ते बापाकडून मुलाकडे जाई आणि राजालाही सहजासहजी काढून घेता येत नसे. गुजरातचा मुलूख मात्र सरंजाम होता. फौज ठेवून चाकरी करण्यासाठी तो दिलेला, तेव्हा धन्याची मर्जी फिरली की तो परत जाई. युरोपात, विशेषतः मध्ययुगीन जर्मनीत, सम्राटाने दिलेल्या जहागिरी हळूहळू वंशपरंपरेच्या झाल्या आणि केंद्र दुबळे राहिल्यामुळे किल्ल्याकिल्ल्यावरची घराणी लहानमोठे राजेच बनली. होहेनझोलर्न घराण्याने तर स्वाबियातल्या आपल्या किल्ल्याचेच नाव घेतले आणि पुढे प्रशियाचे राज्य मिळवले. मावळात उलट झाले आणि गावानेच घराण्याचे नाव घेतले. पण तळेगावला दाभाडे जोडले गेले, तरी गुजरातला ते जोडले गेले नाही, कारण मध्ये साताऱ्याचे छत्रपती आणि त्यांच्या नावाने कारभार करणारा पेशवा उभा होता.

खंडेराव १७२९ मध्ये वारले. तळेगावात बनेश्वर मंदिराजवळ त्यांची समाधी आहे. १७३० च्या आरंभी त्यांचे पुत्र त्रिंबकराव सेनापती झाले आणि लगेच पेच उभा राहिला. पेशवे पहिले बाजीराव तेव्हा तिशीत होते. पालखेडला निजामाला नमवून दोन वर्षे झाली होती. माळवा आणि गुजरात हे उत्तरेचे दोन दरवाजे आपल्या हाती असावेत, असा त्यांचा आग्रह होता. मार्च १७३० मध्ये त्यांचे बंधू चिमाजी अप्पांनी गुजरातचा सुभेदार सरबुलंदखान याच्याकडून चौथाई-सरदेशमुखीचा करार लिहून घेतला. त्रिंबकरावांच्या दृष्टीने ही उघड घुसखोरी होती. बापाने वीस वर्षे खपून लावलेली शिवारे दुसऱ्याच्या नावावर चढत होती. पेशव्यांची बाजू अशी, की छत्रपतींच्या खजिन्यात गुजरातहून काही येत नाही आणि तिथले सरदार स्वतःपुरते पाहतात. दोन्ही बाजूंना थोडे थोडे खरे होते.

त्रिंबकरावांनी निजामाशी संधान बांधले. पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम बांडे आणि पवारांपैकी काहीजण त्यांना मिळाले. बाहेरच्या शत्रूची मदत घेतली गेली, ही गोष्ट बाजीरावांच्या पथ्यावर पडली. आता हा भाऊबंदकीचा वाद राहिला नव्हता, राजद्रोह म्हणून शाहूंपुढे मांडता येत होता. निजाम येऊन मिळण्यापूर्वीच सेनापतीला गाठायचे, या इराद्याने बाजीराव वेगाने गुजरातेत उतरले.

१ एप्रिल १७३१ रोजी बडोद्याजवळ डभईच्या मैदानात दोन्ही फौजा भिडल्या. बाजीरावांकडे माणसे कमी होती, पण ती जुनी आणि कसलेली. सेनापतीकडची फौज मोठी, पण अनेक सरदारांची मिळून बनलेली. पहिल्याच रेट्यात तिच्या बऱ्याच तुकड्या उधळल्या. त्रिंबकराव हत्तीवर होते. माघार नको म्हणून त्यांनी हत्तीच्या पायांत साखळ्या घालायला लावल्या, असे वर्णन मिळते. हत्ती जागेवर उभा आणि वर सेनापती तिरंदाजी करतो आहे, अशा स्थितीत एक गोळी येऊन लागली आणि ते ठार झाले. ती गोळी त्यांच्याच मामाने, भाऊसिंग ठोके याने झाडली, अशीही हकीकत सांगतात. सेनापती पडताच लढाई संपली.

मराठ्यांच्या सेनापतीला मराठ्यांच्याच पेशव्याने रणात मारले, ही घटना शाहूंना झेपणारी नव्हती. ते स्वतः तळेगावला गेले आणि बाजीरावांना उमाबाईंपुढे उभे केले. हातात तलवार देऊन हवी ती शिक्षा करा म्हटले आणि उमाबाईंनी क्षमा केली, असा हा प्रसंग सांगितला जातो. क्षमा मनापासून होती की राजाचा मान राखण्यापुरती, हे पुढच्या वीस वर्षांच्या वर्तनावरून ज्याने त्याने ठरवावे. त्रिंबकरावांचे धाकटे भाऊ यशवंतराव यांना सेनापतिपद आणि बाबूरावांना सेनाखासखेल हा किताब मिळाला. तोडगा असा निघाला, की गुजरात सेनापतीने सांभाळावा आणि माळवा पेशव्याने. गुजरातच्या वसुलीतला निम्मा भाग मात्र पेशव्यामार्फत सरकारात भरायचा. हा निम्मा भाग कधी नीट भरलाच गेला नाही आणि पुढच्या भांडणाचे बी तिथेच राहिले.

डभईने आणखी एक गोष्ट तळेगावहून पुण्याला नेली. खंडेराव दर श्रावणात तळेगावला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. त्यासाठी दूरदूरची शास्त्री मंडळी येत. दाभाड्यांची सद्दी ओसरल्यावर बाजीरावांनी ही प्रथा पुण्यात सुरू केली आणि त्यांचे पुत्र नानासाहेब यांच्यापासून पुढे ती पेशवाईचा मोठा सोहळा बनली. पेशव्यांचे राज्य गेल्यावर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टन याने ती एकदम बंद केली नाही. दक्षिणेच्या पैशातला काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तीच वाढत जाऊन पुढे डेक्कन कॉलेज झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. इंदुरीच्या तटापेक्षा दाभाड्यांची ही आठवण जास्त टिकाऊ ठरली, पण तिच्यावर त्यांचे नाव राहिले नाही.

यशवंतराव वयाने लहान, त्यामुळे सगळा कारभार उमाबाईंच्या हाती आला. १७३२ च्या एप्रिलमध्ये गुजरातचा मोगल सुभेदार जोधपूरचा अभयसिंग याने डाकोरला पिलाजी गायकवाडांचा दगाफटक्याने खून करवला. सेनापतीचा उजवा हात गेला. उमाबाई तेव्हा स्वतः फौज घेऊन निघाल्या. पिलाजींचा मुलगा दमाजी आणि कंठाजी कदम बांडे बरोबर होते. अहमदाबादेत जोरावरखान बाबीने एका विधवेशी काय लढायचे, असा टोमणा लिहून पाठवला म्हणतात. १७३३ मध्ये शहराला मराठ्यांचा वेढा पडला आणि त्याला तहाची बोलणी करावी लागली. शाहूंनी उमाबाईंच्या पायात सोन्याचे तोडे घालून गौरव केला. पायात सोने घालण्याचा मान राजघराण्याबाहेर मिळणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

पराक्रम उमाबाईंचा असला, तरी गुजरातेत रोजचा अंमल बसवीत होते गायकवाड. यशवंतराव मोठे झाले, पण दारू आणि अफूच्या आहारी गेले. फौजेचा पगार, ठाण्यांवरची माणसे, जमीनदारांशी बोलणी ही सर्व कामे दमाजी गायकवाड पाहू लागले. बडोदा १७३४ मध्ये गायकवाडांच्या हाती आले ते कायमचे. तळेगावला वसुलीचा हिस्सा येत राहिला, पण तो कोण, किती आणि केव्हा पाठवणार, हे सोनगड-बडोद्याकडे ठरू लागले. धनी मावळात आणि मुलूख मुतालिकाच्या हाती, अशी ही व्यवस्था होती. छत्रपती साताऱ्यात आणि राज्य पेशव्याच्या हाती, हीच घडण तिथेही दिसत होती.

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारले आणि उरलेला धरबंध सुटला. नानासाहेब पेशव्यांवर कर्जाचा डोंगर होता. त्यांनी गुजरातच्या निम्म्या वसुलीचा जुना मुद्दा उकरून काढला आणि निम्मा मुलूखच मागितला. नोव्हेंबर १७५० मध्ये उमाबाई त्यांना आळंदीला भेटल्या. निम्म्या वसुलीचा तो करार बळाने करून घेतला होता, सबब तो बंधनकारक नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नानासाहेबांनी ते मानले नाही. त्याच महिन्यात ताराबाईंनी साताऱ्याच्या किल्ल्यात शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांना कैद केले. पेशव्यांवर रुसलेल्या दोन वृद्ध स्त्रियांचे सूत जुळायला वेळ लागला नाही.

नानासाहेब निजामाच्या सरहद्दीवर गुंतलेले पाहून उमाबाईंच्या पक्षाने दमाजी गायकवाडांना बोलावले. दमाजी १५,००० फौज घेऊन खानदेशमार्गे पुण्याच्या मुलखात उतरले आणि साताऱ्याकडे वळले. मार्च १७५१ मध्ये साताऱ्याजवळ निंब येथे त्यांनी पेशव्यांच्या फौजेला मागे रेटले, पण पुढच्या चकमकींत उलटा प्रसंग आला आणि वेण्णेच्या काठी ते कोंडले गेले. नानासाहेब मजल-दरमजल करीत परतले. बोलणी चालू असतानाच, ३० एप्रिल १७५१ च्या संध्याकाळी, त्यांनी गायकवाडांच्या छावणीवर छापा घालून दमाजींना धरले. मे महिन्यात दाभाड्यांनाही अटक झाली. सेनापतिपद आणि सरंजाम जप्त झाले. कैद्यांना आधी पुण्यात आणि पुढे लोहगडावर ठेवण्यात आले. तळेगावच्या माळावरून लोहगडाची रांग दिसते. ज्या गडाच्या पायथ्याच्या मुलखात घराण्याने पाटीलकी केली, तोच गड तुरुंग म्हणून नशिबी आला.

मार्च १७५२ मध्ये दमाजी सुटले. गुजरातचा निम्मा मुलूख पेशव्यांना, निम्मा गायकवाडांना, असा सौदा ठरला. दाभाडे त्यात कुठेच नव्हते. १७५३ मध्ये नानासाहेबांचे बंधू रघुनाथराव आणि दमाजी यांनी मिळून अहमदाबाद घेतले आणि उत्पन्न वाटून घेतले. पेशव्यांच्या दृष्टीने हा व्यवहार सोयीचा होता. हक्क सांगणाऱ्या जुन्या धन्यापेक्षा मुलूख प्रत्यक्ष राखणारा माणूस हाताशी असलेला बरा. उमाबाई नोव्हेंबर १७५३ मध्ये पुण्यात वारल्या. पुढच्या वर्षी यशवंतराव मिरजेला वारले. घराण्याकडे तळेगाव-इंदुरीकडची इनामे आणि पाटीलकीचा मान राहिला. सरंजाम गेला आणि वतन राहिले, असा तो सरळ हिशेब.

यानंतरच्या इतिहासात तळेगाव येते ते दुसऱ्यांच्या लढाईचे मैदान म्हणून. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज रघुनाथरावांना गादीवर बसवायला बोरघाट चढून आली. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठ्यांच्या तोंडचा इष्टुर फाकडा, मारला गेला. ९ तारखेला फौज तळेगावला पोहोचली तेव्हा गाव जाळून ओसाड केलेले होते. शत्रूच्या हाती दाणावैरण पडू नये म्हणून ते आधीच पेटवले होते. दोन दिवसांत इंग्रजांनी अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि रातोरात माघार घेतली. वडगावला मराठ्यांनी त्यांना घेरले आणि तह करायला लावले. १८१७ च्या नोव्हेंबरात पेशव्यांशी शेवटची लढाई पेटली, तेव्हा मुंबईहून पुण्याकडे येणारे व्हॉन आडनावाचे दोन इंग्रज भाऊ या वाटेवर पकडले गेले आणि तळेगावला फासावर चढवले गेले. पुढच्या मार्चमध्ये विसापूर पडला आणि पाठोपाठ लोहगड इंग्रजांनी न लढता घेतला.

इंग्रजी अमलात दाभाडे दख्खनच्या सरदारांच्या यादीत राहिले. त्यांचे एके काळचे चाकर गायकवाड मात्र तोफांच्या सलामीचे संस्थानिक झाले. बडोद्याचे राज्य १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला आणि गावाची ओळख बदलत गेली. खंडेराव आणि उमाबाई यांच्या समाधी तळेगावात आहेत. इंदुरीच्या गढीचा दरवाजा आणि त्याच्या लगतचे तट-बुरूज आजही पाहता येतात.